सुपातली अक्षरं

हे मी डाव्या हातानं लिहितो आहे, तेव्हा अक्षर वाकडं आहे. लढाईमुळे कोरा कागद मिळत नाही, म्हणून शाळेतल्या जुन्या पेपरांच्या मागच्या कोऱ्या बाजू वापरतो आहे. अंगावरून वारं गेलेल्या माणसाच्या घरची माणसं हल्ली माझ्याकडे येतात. ओट्यावर बसतात आणि विचारतात, मास्तर, तुमची वाचा परत कशी आली? सगळं तोंडानं सांगायचं तर मला अर्धा दिवस लागतो, कारण शब्द अजून थांबत थांबत येतात आणि मध्येच एखादा दडी मारतो. मग मी चिडतो आणि आलेली माणसं घाबरतात. त्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं.

औषधपाण्याचं यात काही नाही. ते डॉक्टरला विचारा.

फळ्यासमोर

लढाई सुरू व्हायच्या आधीचा हिवाळा होता. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायचे दिवस. आमचं घर आगऱ्यांचं, तीन पिढ्या मीठ पिकवणारं. मी एकटा शिकलो आणि भाईंदरजवळच्या आमच्याच गावच्या शाळेत मास्तर झालो. शाळेत मास्तर दोन. मी थोरला आणि डोंगरीहून चालत येणारे अंतोन मास्तर धाकटे.

दर शनिवारी शेवटच्या तासाला मी वर्गात अक्षराचा खेळ घेत असे. फळ्यावर एक अक्षर काढायचं आणि ते ज्यात आहे असा शब्द मुलांनी शोधायचा. अक्षर पुढे असो, मध्ये असो, शेवटी असो. नुसता शब्द सांगून मात्र सुटका नव्हती, त्याचा अर्थही सांगावा लागे. त्या शनिवारी मी मुद्दाम ‘ळ’ काढला होता. ळ कुठल्याच शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, त्यामुळे पोरांना शब्दाच्या पोटात शिरून शोधावं लागतं, आणि पोरं शोधायला लागली की मला फार मजा वाटते.

कुणीतरी ‘सकाळ’ म्हणालं. मी तो लिहायला वळलो आणि हातातला खडू खाली पडला. वाकून उचलावा म्हटलं तर उजवा हात माझं ऐकेना. मुलांना म्हणायचं होतं, तो खडू द्या रे. पण तो जो पांढरा तुकडा जमिनीवर दिसत होता, त्याला काय म्हणतात तेच सापडेना. मी काहीतरी बोललो. पोरं हसली, त्यांना वाटलं मास्तर नक्कल करताहेत. मीही हसलो. माझं तोंड एका बाजूला गेलंय हे मला गलका ऐकून दाराशी आलेल्या अंतोन मास्तरांच्या चेहऱ्यावरून कळलं.

नाव काय?

चुलतभाऊ आणि माझी बायको मला मुंबईच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेले. चुलतभाऊ मला बाकावर टेकवून पाणी आणायला खाली गेला, आणि नेमका तेव्हाच आमचा नंबर लागला. टेबलापलीकडे एक गुजराती कारकून होता. त्यानं मला विचारलं, नाव काय? मी तोंड उघडलं आणि बंद केलं. मग त्यानं हिला विचारलं.

ही गप्प.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमच्या घरातल्या बायकांचा कारभार त्याच्याही पुढचा. ज्यांची नावं घ्यायची नाहीत, त्या नावांशी आवाजानं जुळणारे शब्दही त्या टाळतात. माझं नाव पांडुरंग, म्हणून ही ‘पांढरं’ म्हणत नाही, ‘ढवलं’ म्हणते. माझ्या वडलांचं नाव चांगो, म्हणून ‘चांगलं’ बंद, त्याऐवजी ‘बेस’. थोरले काका मिठू, म्हणून मिठागरवाल्यांच्या घरात राहून ही ‘मीठ’ म्हणत नाही, ‘आगरातलं’ म्हणते. त्यात मी आजोबांच्या नावाचा. म्हणजे माझं नाव हे आईच्या सासऱ्याचं नाव, म्हणून आईनंही मला जन्मात नावानं हाक मारली नाही, ‘बाला’च म्हणाली. गावाला मी ‘मास्तर’. असं माझं नाव फक्त शाळेच्या कागदावर होतं.

कारकून घाई करू लागला. तेव्हा हिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून सांगितलं, “विटंवरला देव हाय ना, तेचंच.”

“विठ्ठल?” असं विचारून त्यानं लिहूनही टाकलं. बापाचं नाव विचारल्यावर ही म्हणाली, “जे वाईट न्हाय ते.” कारकुनानं कपाळाला हात लावला आणि ती जागा मोकळी सोडली. देव तोच, असं मनाला समजावत हिनं मान खाली घातली. चुलतभाऊ पाणी घेऊन आला तोपर्यंत मी विठ्ठल होऊन खाटेवर पडलो होतो.

सगळंच गुरुवार

शब्द जातात म्हणजे काय होतं, हे घरच्यांना कळत नाही. त्यांना वाटतं, माणूस खुळा झाला. तसं नसतं. तांब्या दिसत होता, त्यातलं पाणी प्यायचं असतं हे कळत होतं, तहान तर लागलेलीच होती. फक्त त्याचं नाव जागेवर नव्हतं. मी जोर लावून बोललो की भलताच शब्द बाहेर पडे. माझ्या बाबतीत तो ‘गुरुवार’ होता. पाणी गुरुवार, चादर गुरुवार, दुखणंही गुरुवार. चूक झाल्याचं मला ऐकू येई आणि दुरुस्त करता येत नसे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईनं काट मारलेला मी माणूस, माझा नुसता संताप होई.

इस्पितळात पहाटे फिनेल टाकून फरशी पुसत. मग चहा येई, मग डॉक्टरांची फेरी. गोव्याकडची एक परिचारिका सकाळी खाटेच्या पायथ्याची पाटी वाचून “काय विठ्ठल, झोप लागली का?” असं विचारी. पहिल्यांदा मी इकडेतिकडे पाहिलं. आठवड्याभरात मान हलवू लागलो. ती चमचा माझ्या डाव्या हातात देई आणि अर्धी पेज अंगावर सांडली तरी भरवत नसे, नुसती उभी राहून वाट पाही. एवढं काम असताना ती थांबत होती, हे उपकार मी विसरलेलो नाही.

मला भीती मरणाची नव्हती. वर्ग गेला ही भीती होती. आम्हाला मूलबाळ नाही. सकाळी दहा वाजता बाकांवर बसणारी ती पन्नास पोरं, हाच माझा संसार. बोलता न येणारा मास्तर कुणाला हवा असतो? मी ओक्साबोक्शी रडत असे, आणि समोरच्या खाटेवरचा म्हातारा तोंड फिरवून घेई.

घरी पाठवताना डॉक्टरांनी हिला सांगितलं की हातापायात थोडा जोर येईल, पण वाचेचं सांगता येत नाही. बोलायला लावा, पहिलीतल्या मुलाला शिकवतात तसं एकेक अक्षर घ्या. ही म्हणाली की मला लिहिता-वाचता येत नाही. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं ना, मग झालं.

सूप

घरी आल्यावर आईनं भगत बोलावला. चुलतभावानं सुचवलं की आता मास्तरकी पुरे, मिठागराच्या तोंडाशी खाट टाकून बसावं. मी त्याला मोठ्यानं “गुरुवार” असं सुनावलं. काय म्हणायचंय ते त्याला बरोबर समजलं. पण घरात रोज धुसफूस सुरू झाली. आई हिच्यावर चिडे, ही चुलीवर चिडे, आणि मी सगळ्यांवर.

मग एका सकाळी हिनं माझ्यासमोर सूप आणून ठेवलं. त्यात कांदा, कोयता, कणीस आणि एक काकडी. एकेकीवर बोट ठेवत ती नावं म्हणू लागली आणि ‘क’वर जोर देऊ लागली. शाळेत मी काय खेळ घेतो, ते तिला शेजारच्या पोरांनी सांगितलं होतं. तिला अक्षर दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी सुपात ‘प’ आला, पापड, सुपारी आणि टोपली घेऊन. एकदा ‘ब’च्या दिवशी तिनं शेजाऱ्याचं बोकडच दारात आणून बांधलं.

दहा दिवस मी नुसता बघत होतो. अकराव्या दिवशी ‘ल’ होता. तिनं लसूण ठेवला, लिंबू ठेवलं आणि वर नारळ आणि केळी ठेवून म्हणाली, “नारल. केली.” आमच्याकडच्या बोलीत ळ नाहीच. माझ्या डोक्यात काहीतरी खदखदलं. चुकीच्या सुपात चुकीच्या वस्तू, आणि मास्तर समोर बसलेला.

“ळ,” मी म्हणालो.

ती बघतच राहिली. मी पुन्हा म्हणालो, “ळ. नारळ.” आजारानंतर तोंडातून निघालेला पहिला बरोबर शब्द मी बायकोची चूक काढायला वापरला. ती रडू लागली. मग डोळे पुसून म्हणाली, “आता भांडनार, म्हंजे जगनार.”

तिथून शब्द येऊ लागले. ज्यांच्या घरी असा आजारी आहे त्यांना एक सांगतो. शब्दाला पुढच्या दारानंच यायला लावू नका. पुष्कळ शब्द माझ्याकडे मधल्या किंवा शेवटच्या अक्षरानं आले. आधी ‘ळ’ सापडायचा, मग ‘नार’. आणि वस्तू हातात द्या. कोयता धरल्याशिवाय कोयता म्हणता येत नव्हतं. सुपातून उचललेला शब्द सहसा पुन्हा पळाला नाही.

डोंगरीचे मास्तर

माघात अंतोन मास्तर आले. मी त्यांना बसा म्हणालो, चहा घ्या म्हणालो. ते खूश झाले. शिमग्यानंतर तपासणीला साहेब येणार होते आणि माझी रजा तोवरच होती. साहेबांसमोर एक तास घेता आला तर मी कामावर, नाहीतर घरी. म्हणून अंतोन मास्तरांनी माझी परीक्षाच मांडली.

बशीतल्या मिठाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे काय?

“आगरातलं,” मी म्हणालो.

याचा रंग?

“ढवळा.”

तब्येत कशी आहे?

“बेस.”

अंतोन मास्तर मांडीवर थाप मारून हसले. म्हणाले, “मास्तर, तुम्ही सुनेसारखे बोलताय. आमच्या डोंगरीच्या बायकाही अशाच आडून बोलतात.” मला काही कळेना. ज्या तोंडानं मला शब्द दिले, त्या तोंडात ते तीन शब्द नव्हतेच, मग माझ्याकडे येणार कुठून? मागे उभ्या असलेल्या हिच्या मात्र सगळं ध्यानात आलं आणि ती आत गेली.

हसता हसता त्यांनी विचारलं, “बरं, तुमचं नाव सांगा.”

“विठ्ठल,” मी म्हणालो.

त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी हळूच माझं खरं नाव सांगितलं. मी म्हटलं, त्यांनी पुन्हा म्हटलं, मी पुन्हा म्हटलं. असं दहादा झालं. ते आगराच्या बांधापर्यंत पोचायच्या आत मी ते विसरलो होतो. नाव सुपात ठेवता येत नाही. जाताना ते हिला म्हणाले की साहेब फॉर्म भरताना पहिल्यांदा नावच विचारतात, आणि तिथंच विठ्ठल म्हटलं तर पुढचा तास ते ऐकणारच नाहीत.

तोंड शिवलेलं

मी हिला म्हणालो, तू सांग. नाव, तू सांग.

ती नाही म्हणाली. मी पुन्हा म्हणालो. ती चुलीपाशी जाऊन बसली. मला राग आला, आणि मी डाव्या पायानं सूप उडवलं. लसूण, सुपाऱ्या सगळ्या ओटीवर पांगल्या. मी जेवलो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण आजारी माणूस नेहमी गरीब गाय असतो असं कुणी समजू नये.

दुसऱ्या दिवशी सुपाऱ्या वेचता वेचता ती बोलली. “इस्पितळात तुमाला रोज विठ्ठल म्हनत व्हते. मना सांगता आलं असतं. न्हाय सांगितलं. नवऱ्याचं नाव घेतलं की तेचं आयुष्य सरतं. तुमी जगलात ते मी तोंड शिवून ठेवलं म्हनून. आता शालंसाठी तोंड उघडू?”

मला वर्ग हवा होता. तिला मी हवा होतो. तिनं दोन महिने ज्या गोष्टीच्या बळावर मला धरून ठेवलं, तीच मी तिला सोडायला सांगत होतो. मी मान हलवली आणि म्हणालो, नको. खरंच नको.

हे सगळं आई ऐकत होती. शिमगा चार दिवसांवर आला तेव्हा मुसळ बाजूला ठेवून हिला म्हणाली, “मना तर ते नाव घेताच येत न्हाय, माझ्या सासऱ्याचं ते. तुला येतं. लग्नान घेतलं व्हतंस ना उखान्यात? उखान्यात घेतलेलं नाव आयुष्य वाढवतं. घे.”

पुढच्या दिवशी सकाळी ही न्हाली, कपाळभर कुंकू लावलं, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि माझ्यासमोर सूप घेऊन बसली. त्यात कोथिंबिरीची जुडी आणि एक वांगं एवढंच होतं. खाली बघत ती म्हणाली,

“सुपान ठेवली कोथमीर, कोथमिरीशेजारी वांगा,
पांडुरंगाचं नाव घेतंय, माझ्यामागनं सांगा.”

म्हणून झाल्यावर तिनं माझ्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. श्वास चालू आहे याची खात्री झाल्यावर ती म्हणाली, “म्हना.”

मी म्हणालो. वांग्यापाशी अडलो, पुन्हा सुरुवात केली. दुपारपर्यंत सबंध उखाणा येऊ लागला. रोज सकाळी ती म्हणे, मी म्हणे, आणि रोज ती छातीवर हात ठेवी. एक अडचण मात्र राहिली. नुसतं नाव सुटं येत नव्हतं. कोथिंबिरीपासून सुरुवात केली तरच मी नावापर्यंत पोचत असे. मग ठरवलं की पहिली ओळ मनात म्हणायची आणि नाव तेवढं मोठ्यानं.

साहेब

शाळेत मी चुलतभावाच्या खांद्याचा आधार घेऊन गेलो. पोरं उभी राहिली. मागच्या भिंतीशी खुर्चीवर साहेब बसले होते, मांडीवर कागद. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यांनी टोपणातून पेन काढलं आणि विचारलं, “पूर्ण नाव?”

मी मनात कोथिंबीर म्हणालो. मनात काहीच हललं नाही. पुन्हा म्हणालो. अंतोन मास्तर दाराशी उभे होते, त्यांचे ओठ हलत होते. जिभेवर ‘विठ्ठल’ येऊन बसला होता, तो मी दातांत धरून ठेवला. साहेबांनी मान वर केली आणि पुन्हा विचारलं. पन्नास पोरं माझ्याकडे बघत होती. लाजायचं की वर्ग सोडायचा, एवढंच उरलं होतं.

मी फेटा सावरला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, “सुपान ठेवली कोथमीर, कोथमिरीशेजारी वांगा...”

पुढच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. मिशीवाला मास्तर साहेबांसमोर बायकी उखाणा म्हणत होता. मी थांबलो नाही. नावापर्यंत पोचलो, ते घेतलं, आणि ‘माझ्यामागनं सांगा’ म्हटलं. सवयीनं पोरांना वाटलं की हा धडाच आहे. सगळा वर्ग एका सुरात माझ्यामागून म्हणाला, पांडुरंग.

साहेबांनी नाव लिहिलं. वडलांचं नाव अंतोन मास्तरांनी हळूच सांगितलं. “आता तास घ्या,” साहेब म्हणाले. मी डाव्या हातात खडू धरला, फळ्यावर वेडावाकडा ‘र’ काढला आणि शब्द मागितले. पोरांनी एवढे दिले की फळा पुरला नाही. दोनदा अर्थ सांगताना मी अडलो, तेव्हा पोरांनाच विचारला. निघताना साहेबांनी एवढंच सांगितलं की उजव्या हाताला रोज तेल लावत जा आणि पहिली तारीख धरून कामावर या.

संध्याकाळी ही दारातच उभी होती. मी ओट्यावर बसून, अडखळत, मनातली ओळ मनात कशी राहिली नाही ते सगळं सांगितलं. साहेब, पोरं, सगळ्यांच्या समोर पूर्ण उखाणा. मला वाटलं ती हसेल, नाहीतर घाबरेल. ती माझ्याजवळ येऊन बसली, छातीवर हात ठेवला आणि विचार करून म्हणाली, “म्हंजे भर शालंन तुमचं नाव मीच घेतलं म्हनायचं.”

मी हो म्हणालो. तिनं हात काढला आणि ताठ बसली.